घाटाची शिस्त

पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जत स्थानकात शिरली की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. फलाटावर बटाटेवड्यांची हाक उठते आणि गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिने जोडण्याची लगबग चालते. वडा हाती येईपर्यंत फारच थोड्या उतारूंच्या मनात येते, की ही काही मिनिटांची विश्रांती आपल्या न्याहारीसाठी नसून समोरच्या डोंगरासाठी आहे. बोरघाटात एकास सदतीस असा चढ आहे. तो एका इंजिनाच्या भरवशावर चढावयाचा नाही, मागून रेटा देणारी, रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणविली जाणारी इंजिने घेऊनच चढावयाचा, असा येथला रिवाज आहे. आणि पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक गाड्यांनी तो पाळला आहे.

चढण्यापेक्षाही उतरण्याची शिस्त अधिक कडक आहे. पुण्याहून येणारी गाडी घाट उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते. तेथे कोणी उतारू चढत नाही की उतरत नाही. पर्यटकाला वाटते, सिग्नल मिळाला नसेल. वस्तुतः गाडी तेथे थांबते ती आपण थांबू शकतो हे सिद्ध करण्यासाठी. ब्रेक ताब्यात आहेत याची खात्री पटल्यावाचून तिला पुढचा मार्ग मिळत नाही. आणि एखादी गाडी न थांबता, ताबा सुटून आलीच, तर ती मुख्य मार्गावरून खाली धावत न जाता बाजूच्या चढावर, ‘कॅच सायडिंग’वर वळावी अशी रुळांची रचना केलेली आहे. माणूस चुकेल, यंत्र फसेल, हे येथे आधीच गृहीत धरलेले आहे.

हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यानंतर सहा वर्षांतच, १८६९ च्या जानेवारीत, याच घाटातील रिव्हर्सिंग स्टेशनवर ताबा सुटलेली एक गाडी रुळांचा शेवट ओलांडून पलीकडे कोसळली. पुढे १९२९ मध्ये मार्गाची आखणीच बदलून ते स्थानक वगळण्यात आले. अपघात झाला, त्यातून धडा घेतला, धड्याचा नियम झाला आणि नियमाची सवय झाली. आज त्या उतारावरून जाणाऱ्या गाडीत आपण निर्धास्तपणे डुलकी घेतो, ती या सवयीच्या जोरावर.

आता त्याच डोंगराच्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याकडे पाहावे. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता झाला. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा हा सुमारे ९४ किलोमीटरचा रस्ता आपल्या खालापूर तालुक्याची भूमी चिरीत घाटमाथ्यावर जातो. डोंगर तोच, घाटमाथा आणि खोपोली यांच्या उंचीतील सुमारे पाचशे मीटरांचा फरकही तोच. परंतु रस्त्यावर मंकी हिल नाही. घाट उतरण्यापूर्वी कोणी कोणाला थांबवीत नाही. येथे प्रत्येक चालक आपणच आपला स्टेशनमास्तर, आपणच आपला सिग्नल आणि आपणच आपला गार्ड. ब्रेक तपासले की नाही, झोप झाली की नाही, वेग आवरला की नाही, हे सारे त्या एका माणसाच्या त्या घटकेच्या मनःस्थितीवर सोपविलेले असते. रूळ आणि रस्ता यांमधला खरा फरक लोखंड आणि डांबर यांचा नाही. तो या सोपविण्यात आहे.

या सोपविण्याची किंमत महाराष्ट्राने वारंवार मोजली आहे. द्रुतगती मार्ग पुरता खुला व्हावयाचा होता तेव्हाच, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून मुंबईला परतत असताना भाताण बोगद्याजवळ भक्ती बर्वे यांचे अपघाती निधन झाले. ‘ती फुलराणी’तील त्यांची मंजुळा ज्यांनी पाहिली होती त्यांना त्या दिवशी घरचेच माणूस गेल्यासारखे वाटले. डिसेंबर २०१२ मध्ये समोरच्या बाजूने येणारा टेंपो दुभाजक ओलांडून आला आणि आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे हे दोन गुणी नट आणि पेंडशांचा लहानगा मुलगा अशा तिघांचे प्राण गेले. ही नावे सर्वांना ठाऊक असलेली. म्हणून ती स्मरणात राहिली. ज्यांची नावे दुसऱ्या दिवशीच्या अंकात चार ओळींत येऊन गेली त्यांची मोजदाद कोणी मनात ठेवीत नाही. एकट्या २०१६ साली या एका मार्गावर १५१ माणसे मेली. देशाचा हिशेब मांडला तर २०२२ या वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ लोकांचा अंत झाला. म्हणजे दर तीन-साडेतीन मिनिटांना एक. हा लेख निवांतपणे वाचून होईपर्यंत तीन-चार घरांत रडारड सुरू झालेली असेल, असा याचा अर्थ.

आकड्यांनी मन सुन्न होते, पण शहाणे होतेच असे नाही. म्हणून आपल्या भागातील तीन घटना जवळून पाहू. ५ जून २०१६ : द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ मुंबईकडे येणारी खासगी बस कडेला उभ्या असलेल्या दोन मोटारींवर आदळली आणि १७ जण ठार झाले. १४ ऑगस्ट २०२२ : बीडहून रात्री निघून बैठकीसाठी मुंबईकडे येत असलेल्या विनायक मेटे यांच्या मोटारीला माडप बोगद्याजवळ अपघात होऊन त्यांचे निधन झाले. १५ एप्रिल २०२३ : पुण्याजवळ आदल्या रात्री कार्यक्रम करून मुंबईस परतणाऱ्या गोरेगावच्या ढोल-ताशा पथकाची बस जुन्या रस्त्यावर शिंगरोबाच्या देवळाजवळ दरीत कोसळली, १३ जण गेले. त्यांत बहुतेक तरुण पोरे होती. आदल्या संध्याकाळी ज्यांच्या हातांनी ढोल घुमविला, त्यांना सकाळी दोर सोडून खोल दरीतून वर काढावे लागले.

तिन्ही घटनांची कारणे निरनिराळी असतील. त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्यांचा. तथापि एक गोष्ट तिन्हींत समान आहे आणि ती डोळ्यांआड करता येत नाही. ती म्हणजे घड्याळातील वेळ. तिन्ही अपघात पहाटेचे आहेत; चार ते सहाच्या दरम्यानचे. ज्या प्रहराला आपल्या परंपरेने ब्राह्ममुहूर्त म्हणून गौरविले, तोच रात्रभर चाक धरून बसलेल्या माणसाचा सर्वांत दुबळा प्रहर असतो. शरीराचे आपले एक घड्याळ आहे आणि ते मालकाच्या हुकुमाने चालत नाही. पहाटे त्याला झोप हवी असते. चहाने, विड्याने, खिडकी उघडून तोंडावर वारा घेतल्याने झोप जात नाही. ती केवळ लपून बसते. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन क्षण मिटू शकतो, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाणारी मोटार तीन क्षणांत ऐंशी मीटरांहून अधिक अंतर कोणाच्याही ताब्यात नसताना कापते. त्या अंतरात एखादा मालमोटारीचा मागचा भाग असला, एखादे वळण असले, तर पुढचे काही सांगावयास नको.

येथे चालकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याला रात्रभर जागविले कोणी? लग्नाचे वऱ्हाड घेऊन जाणाऱ्या गाडीचा चालक दिवसभर मांडवाबाहेर ताटकळतो आणि रात्री पंगत उठल्यावर आपण त्याला सांगतो, ‘आता निघू या, सकाळी कामावर हजर व्हायचे आहे.’ शाळेच्या सहलीची बस ठरविताना शिक्षक तीन ठिकाणी भाव विचारतात. चालक एक की दोन, हे किती जण विचारतात? देवदर्शनाचा बेत आखताना एका सुट्टीत पाच ठिकाणे बसवावयाची आणि मुक्कामाचा खर्च वाचावा म्हणून रात्रीचा प्रवास करावयाचा, हा हिशेब आपल्या मध्यमवर्गीय घरांत कौतुकाने केला जातो. त्या हिशेबात वाचविलेली रक्कम असते. चालकाची झोप नसते. मोटार परिवहन कामगारांसाठी संसदेने १९६१ साली जो कायदा केला, त्यात दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती हे तत्त्व मान्य केले होते. साठांहून अधिक वर्षे झाली. भाड्याची गाडी ठरविणाऱ्या आपणांस ते तत्त्व ठाऊकही नाही. पाठीमागे बसून ‘जरा लवकर घ्या’ असे म्हणणारा प्रत्येक उतारू त्या चाकावर एक अदृश्य हात ठेवीत असतो, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट घाटाची म्हणून खास आहे. जुन्या रस्त्याने उतरणारे चालक शिंगरोबाच्या देवळापाशी नाणे टाकतात आणि हात जोडतात. लोककथा अशी, की इंग्रज साहेबांना घाटातून वाट सापडेना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखविली. बक्षीस म्हणून त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याच्या वाट्याला मरण आले. वाट दाखविणाऱ्याला नमस्कार करावा, यात गैर काहीच नाही. खेद एवढ्याचाच, की तोच हात पुढच्या क्षणी गिअरच्या दांड्यावर जातो आणि डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो. गाडी गिअरमध्ये असली म्हणजे उतारावर इंजिनच तिला मागे ओढून धरते. न्यूट्रलमध्ये टाकली की सारा भार ब्रेकवर येतो. पाचशे मीटर उंचीवरून पंचवीस-तीस टन वजन खाली आणताना निर्माण होणारी उष्णता ब्रेकलाच गिळावी लागते. ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक धरेनासे होतात, आणि मग वर्तमानपत्रात बातमी येते : ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात.’ ब्रेक पुष्कळदा आपण होऊन निकामी होत नाहीत. ते केले जातात. २६ जुलै २०२५ रोजी खोपोलीच्या परिसरात ताबा सुटलेल्या एका अवजड वाहनाने सुमारे वीस वाहनांना धडक दिली आणि एका महिलेचा जीव गेला. तेव्हाही ब्रेक निकामी झाल्याचेच सांगण्यात आले. कोणत्याही एका घटनेचे कारण काही असो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. तो मालमोटारीला लागू आहे, तसाच सहकुटुंब लोणावळ्याहून परतणाऱ्या लहान मोटारीलाही लागू आहे.

तिसरी गोष्ट वेगाची. आपल्या विद्यार्थ्यांनी वर्गात शिकलेले सूत्र एकदा या रस्त्यावर आणून पाहावे. वेग दुप्पट झाला की गतिजन्य ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीची धडक म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून, अर्थात चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणे. ताशी १०० किलोमीटरची धडक म्हणजे सुमारे ३९ मीटरांवरून, बारा-तेरा मजल्यांच्या गच्चीवरून पडणे. थांबण्याचेही तसेच आहे. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद लागतो असे धरले, तर ताशी ६० च्या वेगातील गाडी कोरड्या, चांगल्या रस्त्यावर चाळीसएक मीटरांत उभी राहते. ताशी १०० च्या वेगातील गाडीला ऐंशी मीटरांहून अधिक लागतात. रस्ता ओला असेल, आणि आपल्या भागात वर्षाचे चार महिने तो ओलाच असतो, तर याहूनही अधिक. घाटात धुके उतरलेले असताना चाळीस मीटरांपलीकडचे दिसत नसेल आणि गाडी मात्र ऐंशी मीटरांत थांबण्याच्या वेगाने चालली असेल, तर तो चालक डोळे मिटूनच चालवीत आहे, असे म्हणावे लागेल.

आणि या साऱ्या घाईतून मिळते काय? द्रुतगती मार्गाचे सगळे ९४ किलोमीटर मोकळे आणि सपाट आहेत असे मानले, तरी ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने गेल्यास चौदा मिनिटे वाचतात. एवढी मिनिटे आपण टोलनाक्यावर आणि शहराच्या तोंडाशी सहज गमावतो. २०२२ साली देशातील रस्त्यांवर जे मृत्यू झाले त्यांपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. चौदा मिनिटांसाठी एवढी मोठी पैज कोणताही शहाणा कारकून आपल्या खात्यात मांडणार नाही.

आता मागच्या आसनावर बसणाऱ्यांकडे वळू. तीन बिंदूंवर बांधला जाणारा आसनपट्टा स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला, आणि त्याचे पेटंट असूनही कंपनीने तो इतर उत्पादकांना मोकळेपणाने वापरू दिला. माणसाचे प्राण वाचविणारे इतके साधे, इतके स्वस्त साधन क्वचितच दुसरे असेल. आपल्याकडे मात्र तो पुढे बसणाऱ्याने, तोही पोलीस दिसला तर, छातीवरून ओढून घ्यावयाचा अशी समजूत आहे. मागच्या आसनावर पट्टा लावणे म्हणजे भित्रेपणा! ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले. दोघेही मागे बसलेले होते आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले. मोटार उत्तम बनावटीची होती. पण न बांधलेला माणूस उत्तम मोटारीतही एक सुटे सामानच असतो. आघाताच्या क्षणी तो पुढच्या आसनावर, म्हणजे बहुधा आपल्याच माणसावर, आदळतो. त्या एका वर्षात पट्टा न बांधल्यामुळे १६,७१५ माणसे मेल्याची नोंद आहे, आणि त्यांतील निम्मे चालक नव्हे, उतारू होते. मांडीवर घेतलेले मूल सुरक्षित आहे हीही एक भाबडी समजूत. धडकेच्या क्षणी कोणत्याही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत.

येथपर्यंत मोठ्या रस्त्याची गोष्ट झाली. पण द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि कर्जत-खालापुरातील सामान्य माणसाचे वाहन दुचाकी हेच आहे. शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली, वाकण असा जाणारा महामार्ग रुंद झाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु रुंद रस्त्याने वेग दिला, त्या वेगाची सवय मात्र दिली नाही. याच रस्त्याने पहाटेच्या लोकलसाठी कर्जत स्थानक गाठणारे चाकरमाने जातात, खोपोलीच्या कारखान्यांतील पाळ्या संपवून कामगार परततात, महाविद्यालयातील मुले एका गाडीवर तिघे बसून निघतात. आणि शनिवार-रविवारी धबधबे व शेतघरे शोधीत आलेल्या मोटारी, कधी कधी नशेत, याच रस्त्याने धावतात. हेल्मेट न घातल्यामुळे २०२२ साली देशात ५०,०२९ दुचाकीस्वार व त्यांचे साथीदार दगावले. हेल्मेट घराच्या खुंटीवर आणि मुलगा रस्त्यावर, हे दृश्य आपल्या गावोगावी दिसते. दहावी-बारावीतल्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणे ही मायेची नव्हे, निष्काळजीपणाची खूण आहे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. पण शिक्षेच्या भीतीहून मोठा प्रश्न असा, की ज्या मुलाला आपण गणिताच्या पेपरला एकटे सोडण्यापूर्वी वर्षभर सराव करून घेतो, त्याला मृत्यूच्या परीक्षेला विनासराव का पाठवितो?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘चालकांना उपदेश करून काय होणार? रस्तेच सदोष, वळणांवर दिवे नाहीत, अवजड वाहने उजवी मार्गिका सोडीत नाहीत, पोलीस कमी. आधी सरकारने सुधारावे.’ सरकारने सुधारावे हे खरेच आहे, आणि सुधारल्यास गुण येतो याचा पुरावा याच मार्गाने दिलेला आहे. २०१६ पासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी या मार्गावर अपघाती मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम चालविला. धोक्याच्या जागा शोधून दुरुस्त केल्या, अडथळे बसविले, नियमांची अंमलबजावणी वाढविली. १५१ वर असलेला मृत्यूंचा आकडा २०२० मध्ये ६६ वर आला. पुढे २०२४ पासून वेग टिपणारे कॅमेरेही कामाला लागले. अर्थात ‘ज्याची वेळ भरली तो जाणार’ हे आपले जुने पालुपद खोटे आहे. वेळ भरलेली नसते; ती आपण भरवितो, आणि ठरविले तर पुढेही ढकलू शकतो. ६६ हा आकडाही लज्जास्पदच आहे. पण पंचाऐंशी घरे वाचली हे त्याहून महत्त्वाचे आहे.

परंतु रस्ता सुधारला म्हणून आपले कर्तव्य संपत नाही. घाटातील वळणे टाळण्यासाठी खोपोली ते कुसगाव असा सुमारे तेरा किलोमीटरांचा नवा दुवा बोगदे आणि पूल बांधून हाती घेण्यात आला. त्याने उतार सौम्य होईल, वळणे कमी होतील. पण झोप न झालेल्या चालकाला सरळ रस्ता वळणाच्या रस्त्याहून अधिक घातक ठरतो. रेल्वेने बोरघाटात जे केले त्याचे दोन भाग होते : रुळांची रचना सुधारली आणि माणसांच्या हातांना सवय लावली. रस्त्याच्या बाबतीत पहिला भाग शासनाचा. दुसरा आपला, आणि तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलता येणार नाही.

ही सवय फार अवघड नाही. रात्री बारा ते पहाटे सहा या वेळेत, अगदीच निकड नसेल तर, लांबचा प्रवास करावयाचा नाही. गाडी भाड्याने ठरविताना दराआधी चालकाच्या झोपेची चौकशी करावयाची. दर दोन-अडीच तासांनी थांबावयाचे आणि घाट उतरण्यापूर्वी तर थांबावयाचेच. पाच मिनिटे ब्रेक आणि चाके पाहावयाची. पुढे-मागे सर्वांचे पट्टे बांधल्यावाचून किल्ली फिरवावयाची नाही. मद्य घेतलेल्याच्या हाती चाक द्यावयाचे नाही, मग तो यजमान असो की साहेब. महामार्गावर गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी डावीकडे घेऊन, मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवून, सर्वांनी गाडीबाहेर पडून कठड्यापलीकडे उभे राहावयाचे. गाडीत किंवा गाडीमागे घोळका करावयाचा नाही. २०१६ च्या त्या पहाटेने शिकविलेला हा धडा फार महाग पडलेला आहे.

आणि अपघात झालेलाच दिसला तर? पहिल्या तासात उपचार मिळाले तर पुष्कळ जखमी वाचतात. ‘पोलिसांच्या फेऱ्यात कशाला पडा’ म्हणून पाहून न पाहिल्यासारखे करण्याचे कारण आता उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले : सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. आपल्या खोपोलीला तर याबाबत कोणी शिकवावयास नको. २०२३ च्या त्या अपघातात दरीत उतरणाऱ्यांत खोपोलीचे यशवंती हायकर्सचे गिर्यारोहक होते, स्थानिक स्वयंसेवक होते. जे गाव दुसऱ्यांच्या पोरांसाठी अंधारात दोर बांधून दरीत उतरते, त्या गावाने आपल्या पोरांच्या डोक्यावर हेल्मेट नसावे, ही विसंगती मनाला लागते.

आपल्या समाजात धावणाऱ्याचे कौतुक फार झाले. कोणी पुण्याहून दीड तासात दादरला पोहोचल्याचे सांगितले की ऐकणारे माना डोलावतात. वाटेत कोठे थांबला होता, हे त्याला कोणी विचारीत नाही. कर्जतच्या शाळांतील मुले वर्गात बसून घाटातून उतरणाऱ्या गाडीची शिटी ऐकतात. शिक्षकांनी त्यांना एकदा सांगावे, की ही गाडी वाटेत ओसाड डोंगरात, एकही उतारू नसलेल्या जागी, थांबून आली आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेली चूक पुन्हा होऊ नये म्हणून थांबून आली आहे. तिला त्यामुळे काही मिनिटे उशीर झाला असेल. पण ती आली आहे, आणि तिच्यातली माणसे आता आपापल्या घरी चालली आहेत.